डावीकडचा तंबोरा

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम अर्धं ब्लेड असायचं. दाढीचं ब्लेड मधोमध मोडून, कागदात गुंडाळून ठेवलेलं. पँटच्या डाव्या खिशात एक लोहचुंबक आणि उजव्या खिशात काडेपेटी. विडी-सिगरेट जन्मात ओढली नाही, पण काडेपेटीशिवाय हा माणूस घराबाहेर पडायचा नाही. कारण वायर विकत घ्यायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, आणि न तपासता वायर घेणं म्हणजे त्यांच्या मते आपल्या हाताने चोराला घरात घेणं.

अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. मी एकटीच बाई, त्यामुळे पहिलं वर्षभर त्यांनी माझ्यावरही संशयच घेतला. मी फ्यूज तपासला की हे मागून येऊन परत तपासायचे. एकदा चिडून म्हटलं, "सर, माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यावरही नाही. मी घरी जाऊन गॅस दोनदा बघतो."

अशा माणसाशी भांडायचं तरी काय, कप्पाळ?

त्यांचा संशय सगळ्यांना सारखाच वाटून दिलेला होता, हे मात्र कबूल करायला हवं. लग्नाच्या पंगतीत स्टीलच्या ताटाला लोहचुंबक लावून बघायचे. बारवी धरण भरलं असं पेपरात आलं, तर रविवारी स्कूटर काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघून आले. आल्यावर काकूंना म्हणाले, "भरलंय. या वेळी खरं छापलंय." काकू म्हणजे सरांची बायको. त्यांना आम्ही सगळे काकूच म्हणायचो. त्या मला म्हणाल्या, "लग्नात माझं मंगळसूत्र घासून नाही बघितलं, एवढंच नशीब समज."

पण कामात बाप माणूस. मशीन बंद पडलं की बाकीचे लोक डोकं खाजवत मॅन्युअल उघडायचे. सर एकच गोष्ट करायचे, अदलाबदल. चालू मशीनचा भाग बंद मशीनला लावायचा आणि बंदचा चालूला. मग बघायचं, दोष कुठे जातो. भागाबरोबर दोष गेला तर तो भाग चोर. दोष जागेवरच राहिला तर तो भाग निर्दोष, पुढचा घ्यायचा. "दोष हलला की चोर सापडला," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आजही माझा मिक्सर बिघडला तर आधी प्लग बदलून बघते.

आणि दुसरी सवय स्क्रू ड्रायव्हरची. मोटरचं बेअरिंग जाणार असलं की आधी आवाजात कळतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, दुसऱ्या कानात बोट घालायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. सर मूठ नेहमी डाव्या कानाला लावायचे, उजव्या कानात बोट. डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग तारीख सांगायचे, "गणपतीपर्यंत जाईल." आणि जायचंच. तीस-बत्तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या, पंपांच्या, प्रेसच्या अंगाला त्यांनी डावा कान लावला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

रिटायर झाल्यावर हा सगळा संशय हॉलमधल्या एका लाकडी कपाटावर येऊन बसला. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट. कपाटात अँप्लिफायर, सीडी प्लेअर. हॉलच्या दोन टोकांना दोन उभे स्पीकर. आणि समोर वेताची जड खुर्ची. खुर्चीचे चार पाय कुठे असावेत याच्या चार खुणा फरशीवर काकूंच्या लाल नेलपॉलिशने केलेल्या. केर काढताना खुर्ची हलवली तर चारही पाय परत खुणांवर यायला हवेत, नाहीतर घरात सभा भरायची.

संध्याकाळी सहा ते साडेसात शास्त्रीय गाणं. गाण्यापेक्षा सर तंबोरे ऐकायचे, असं माझं मत. जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या दोन्ही बाजूंना दोन तंबोरे असतात, एक डाव्या स्पीकरमधून येतो, एक उजव्या. "गायक काय, गातच असतो," म्हणायचे, "तंबोऱ्याची जवारी ऐक. तारेच्या आत ती बारीक झिणझिण आहे ना, ती आली तर मशीन खरं. ती लपवता येत नाही."

आता अँप्लिफायर तापतो. बंद कपाटात तर जास्तच. म्हणून पंखा हवा. पण पंखा म्हणजे घरघर, आणि घरघर म्हणजे जवारीवर दरोडा. सरांनी या एका पंख्यावर पाऊण वर्ष घालवलं. कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा आणला आणि जुन्या मोबाईलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालवला, म्हणजे तो संथ फिरेल. स्क्रूने लाकडाला कसला असता तर लाकूड गुणगुणलं असतं, म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यावर अधांतरी बसवला. शेवटी पंखा इतका गुपचूप झाला की सरांना नवीनच संशय आला. हा फिरतोय तरी का? मग काकूंच्या विणकामातला लाल लोकरीचा धागा त्याच्या तोंडाशी बांधला. धागा उडतोय म्हणजे पंखा चालू.

"देवासमोरच्या निरांजनाकडे इतकं बघत नाहीत, जितकं त्या धाग्याकडे बघतात," काकू म्हणाल्या.

मी बदलापूरला राहते. कारखाना सुटल्यावर आठवड्यातून एकदा तरी वाटेत त्यांच्याकडे डोकावायचे. दारात चप्पल काढायच्या आधी प्रश्न यायचा, "ऐकू येतोय का गं?" म्हणजे पंखा. मी कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "नाही सर." ते खूश व्हायचे. मग पोहे.

दिवाळीत फराळाला गेले, तेव्हा दारातूनच मला ऐकू आलं. बारीक किरकिर. बेअरिंग सुकलं की येते तशी, डासासारखी, पण स्पष्ट. मी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी स्क्रू ड्रायव्हर कपाटाला टेकवला, मूठ डाव्या कानाला, उजव्यात बोट. डोळे मिटले. दोन मिनिटं. मग तोंडभर हसून म्हणाले, "काही नाही. एकदम शांत. जिंकलो बघ आपण."

"ऐकू येतोय का?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी म्हटलं, "नाही सर."

का म्हटलं? दिवाळी होती म्हणून. काकूंनी चकली हातात दिली होती म्हणून. आणि खरं सांगायचं तर मी "हो" म्हटलं असतं तर पुढचा तासभर माझ्या कानांची तपासणी झाली असती. त्या क्षणी मनात पाल चुकचुकली होती. मी तिला हाकलून दिलं आणि चकली खाल्ली.

त्यानंतर महिन्याभरात सरांचा फोन. "डावा तंबोरा गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण जवारी नाही. गोधडीखाली ठेवून वाजवल्यासारखा येतोय. उजवा ठणठणीत आहे. चोर आलाय घरात."

मग सुरू झाली अदलाबदल. डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे. काकू एका बाजूने धरताहेत, मी दुसऱ्या. दोष हलला नाही. डावी बाजूच मंद. स्पीकर निर्दोष. मग प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना उलट्या लावल्या. डावीच मंद. प्लेअर सुटला. मग कारखान्यातल्या एका मित्राचा अँप्लिफायर उसना आणून बघितला. तरी डावीच. अँप्लिफायरही सुटला. राहिली केबल. आणि केबलची अदलाबदल करता येत नव्हती, कारण कपाट उजव्या कोपऱ्यात. उजवी केबल दोन मीटर, आणि डावी भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, केसिंग पट्टीतून फिरून नऊ मीटर. उजवी डावीकडे पोचतच नाही.

"म्हणजे केबल," सर म्हणाले. हिशोब बरोबर होता, त्यात मलाही चूक दिसली नाही.

केबल उल्हासनगर कॅम्प तीनच्या शेठची होती. शेठ म्हणजे सिंधी गृहस्थ, वायरचं जुनं दुकान, सरांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. सर तीस वर्षं त्यांच्याकडूनच माल घ्यायचे, आणि तीस वर्षं दर वेळी त्यांच्यासमोरच घासून बघायचे. तो एक सोहळाच असायचा. शेठ केबलचं टोक सोलून पुढे करणार. सर ब्लेड काढून तार खरवडणार. वरून तांबूस आणि आत पांढरं निघालं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अॅल्युमिनियम. मग एक तार काडीवर धरणार. अॅल्युमिनियम असेल तर वितळून गोळी होते, तांबं नुसतं काळं पडतं. मग सर म्हणणार, "तांबं आहे." शेठ म्हणणार, "अच्छा? मला माहीतच नव्हतं, साईं." मग चहा. दुकानात गल्ल्याच्या डाव्या अंगाला एक निळं स्टूल होतं, त्यावर सर सोडून दुसरं कोणी बसलेलं मी बघितलं नाही.

त्या वेळी सरांचा गुडघा सुजला होता, म्हणून नवीन केबल आणायला मी गेले. शेअर रिक्षातून उतरले, घामाघूम. शेठनी पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला, सरांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि नऊ मीटर मोजून कापली. टोक सोलून पुढे केलं. सरांनी ब्लेड आणि काडेपेटी माझ्याबरोबर दिली होती. पण माझा हातच पर्समध्ये जाईना. त्यांचा चहा पिऊन त्यांच्याच तोंडावर तार खरवडायची? मी म्हटलं, "राहू द्या शेठ." शेठ हसले. मी केबल पिशवीत टाकली.

घरी सरांनी विचारलं, "घासून बघितलीस?"

"हो सर."

त्यांनी दोन्ही टोकं हातात घेतली. चष्मा कपाळावर नेला. "घासलेलं टोक कुठे आहे?"

मेले!

अकरा वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाले, "शेठच्याच दुकानातून आणलीस ना? की बदलापूरला घराजवळ घेतलीस?" मला इतकं झोंबलं ते, की मी पोहे न खाता निघाले. पण रिक्षात बसल्यावर कळलं की एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्या गोष्टीसाठी रागवायचा हक्क उरत नाही.

नवीन केबल लावली. डावा तंबोरा मंदच.

दोन दिवसांनी गेले तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी ती नऊच्या नऊ मीटर केबल काढून फरशीवर पसरली होती आणि गुडघ्याखाली उशी घेऊन तिचं साल या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्लेडने उभं चिरत होते. मध्ये कुठे जोड आहे का, टोकाला तांबं आणि पोटात दुसरं काही आहे का, ते बघायला. मीही मुकाट्याने दुसऱ्या टोकाला बसले. नऊ मीटर तपासली. जोड नव्हता. सगळं तांबं.

"भंगारातलं आहे," सर म्हणाले. "जुनं तांबं वितळवून परत ओढलेलं. ब्लेडला ते कळत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी, सुजलेला गुडघा घेऊन, कॅम्प तीनला. मी रजा टाकून बरोबर गेले, कारण मला भीती होती ती खरी झाली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. त्यांच्यासमोर सरांनी चिरलेली केबल गल्ल्यावर टाकली आणि म्हणाले, "शेठ, मला भंगार विकलंत तुम्ही."

शेठनी केबलकडे बघितलं. मग सरांकडे. "साईं, तीस साल तुम्ही माझ्या तोंडावर माझा माल घासला. मी कधी काही बोललो?"

सरांनी केबल त्यांच्याकडे सरकवली.

"कारण तुम्ही घासून बघायचात आणि मग मानायचात. आज घासून पण नाही मानत." शेठनी एक जड बंडल उचललं आणि त्या निळ्या स्टुलावर ठेवलं. मग दुसरं त्याच्यावर. "ठीक आहे. दुसरीकडून घ्या."

परत येताना सर रिक्षात बाहेर बघत बसले. माझ्या मनात मात्र नाही नाही ते यायला लागलं. शेठनी खरंच काही केलं असेल तर? मला बाई म्हणून वेगळं बंडल काढून दिलं असेल तर? मी घासलं असतं तर आज छातीठोकपणे सांगू शकले असते. संशय म्हणजे खरजेसारखा असतो बघा, जवळ बसलं की लागतो.

पुढचे चार महिने वाईट गेले. सरांनी ठाण्याहून एक भारी केबल आणली. लावली. डावा तंबोरा मंदच. मग म्हणायला लागले, सगळ्या बाजाराला एकच जण माल पुरवतो. मग भिंतीवर संशय, म्हणून पडदे काढले. मग वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या फ्रिजवर, आणि त्यांच्याशी बोलणं बंद. शेवटी शेवटी सहा वाजले तरी गाणं लावेनासे झाले. खुर्चीत नुसते बसायचे. कपाट बंद, पंखा बंद, लाल धागा लोंबकळतोय. काकू मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "माझ्याशीही धड बोलत नाहीत गं. त्या बाजूने काही विचारलं तर उत्तरच नाही. रुसलेत वाटतं माझ्यावर."

"कुठल्या बाजूने?" मी विचारलं.

"जेवायला वाढताना. मी नेहमी डावीकडून वाढते ना."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. दिवाळीतली ती किरकिर, डाव्या कानाला मूठ, उजव्यात बोट, 'एकदम शांत', सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी सहा महिने हे गाठोडं उराशी धरून बसले होते आणि उघडून बघितलं नव्हतं. इतकी लाज वाटली मला माझी.

हॉलमध्ये आले. म्हटलं, "सर, केबल तीन झाल्या. दोष हलला का?"

"नाही."

"मग केबल सुटली."

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडून आपलंच बोलणं ऐकून त्यांना आवडलं नसावं. "मग उरलं काय?" ते म्हणाले.

"एक गोष्ट अजून अदलाबदल करायची राहिली आहे. उठा."

ते उठले. मी ती जड खुर्ची धरली आणि नेलपॉलिशच्या खुणांवरून ओढून उलटी केली, पाठ स्पीकरांकडे, तोंड दरवाजाकडे. "अगं अगं," करत काकू धावत आल्या. खुर्चीला हात लावायची हिंमत त्या घरात कोणी केली नव्हती. सर मात्र माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना त्याच क्षणी कळलं. मशीन बंद पडल्यावर इतरांच्या आधी त्यांना कळायचं, तसंच.

ते बसले. मी गाणं लावलं. दोन तंबोरे सुरू झाले.

आता त्यांचा डावा कान उजव्या स्पीकरकडे होता. सरांनी डोळे मिटले. इतके दिवस जो तंबोरा ठणठणीत होता, त्याच्याकडे कान लावून बसले. काकू पदर मुठीत धरून उभ्या. मी मनात म्हणत होते, देवा, मी चुकलेली असू दे, मला मूर्ख ठरव.

बराच वेळ गेला. मग सर दरवाजाकडे तोंड करूनच म्हणाले, "हलला."



"दोष हलला," ते परत म्हणाले. "मीच चोर निघालो."

काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात?" आणि सर इतक्या दिवसांनी हसले.

बदलापूरला माझ्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. तपासणीची छोटी बंद खोली असते, बाहेरचा आवाज आत येत नाही. सरांना ती खोली फार आवडली. दार लावायच्या आधी म्हणाले, "पंखा दिसत नाही. हवा कुठून घेता?" डॉक्टरीणबाईंनी हेडफोन लावून तपासलं, कागदावर रेघ काढली. उजव्या कानाची रेघ बरी. डाव्याची निम्म्यातून खाली घसरलेली, बारीक आवाज बहुतेक गेलेले.

"हेडफोन उलटे लावून परत घ्या," सर म्हणाले.

"काका, मशीन बरोबर आहे."

"असेल. उलटे लावा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. त्यांनी लाल बाजू डाव्या कानाला आणि निळी उजव्याला लावून सगळी तपासणी पहिल्यापासून केली. रेघ तीच आली. सरांनी कागद हातात घेऊन दोन्ही रेघा बोटाने ताडून बघितल्या. "हलला नाही," म्हणाले. "म्हणजे कानच. आता बोला, काय करायचं?"

बाईंनी समजावून सांगितलं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं, कानात मशीन घालायचं, सवय व्हायला वेळ लागेल. "मशिनकडे कायम हाच कान असायचा का?" त्यांनी विचारलं. सरांनी हळूच मान हलवली. "आणि हे कधीपासून आहे?"

सर म्हणाले, "चार-पाच महिने असेल."

"दिवाळीपासून," मी म्हटलं. "तेव्हा पंखा वाजत होता. मला येत होता ऐकू. सरांना येत नव्हता."

बोलले आणि खाली बघत राहिले. बाईंनी लिहून घेतलं, म्हणाल्या, तेव्हाच आला असतात तर सवय आतापर्यंत झाली असती.

रिक्षात सरांनी मला उजव्या बाजूला बसवलं. मग म्हणाले, "दिवाळीत विचारलं होतं मी तुला."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता, सर."

त्यांनी थोडा विचार केला. "घेतला असता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तरी सांगायचं. मी काय, तपासून बघितलं असतं आणि मग मानलं असतं." शेठचंच वाक्य होतं ते. आम्हा दोघांनाही ते कळलं, आणि पुढच्या शनिवारी आम्ही कॅम्प तीनला गेलो.

दुकानात गर्दी होती. निळ्या स्टुलावर बंडलं तशीच होती, वर धूळ. शेठनी आम्हाला बघितलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. सर उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "नऊ मीटर द्या. मागच्या वेळचीच."

शेठनी मोजली, कापली. टोक सोललं आणि सवयीने पुढे केलं. सरांचा हात खिशाकडे गेला नाही. शेठ टोक धरून थांबले.

"घासा," शेठ म्हणाले.

"नको. बांधून द्या."

शेठचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, हे बघून त्यांना बरं वाटेल. पण त्यांनी केबल गल्ल्यावर ठेवली. "म्हणजे अजून राग आहे," ते म्हणाले. "जो परत येणार नाही तो घासत नाही, साईं. असाच घेऊन जातो."

सरांनी मग खिशातून कागद काढला, उलगडला, अर्धं ब्लेड घेतलं आणि तार खरवडली. उजेडात धरली. काडी ओढली, तार काळी पडली, गोळी झाली नाही. मागचं गिऱ्हाईक घाई करत होतं, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"तांबं आहे," सर म्हणाले.

"अच्छा?" शेठ म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

मग त्यांनी वळून स्टुलावरची बंडलं एकेक करून खाली ठेवली, फडक्याने स्टूल पुसलं. सर बसले. शेठ गल्ल्यामागून काहीतरी बोलले. सरांनी उत्तर दिलं नाही, समोर रस्त्याकडे बघत राहिले. शेठ परत बोलले. परत काही नाही. शेठनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडणार तोच सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ते उभे राहिले. दुकानात मागच्या वेळी होती तेवढीच माणसं होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "शेठ, माझा हा कान गेलाय. तुमची केबल चांगली होती."

शेठ गल्ल्याची फळी उचलून बाहेर आले, ते निळं स्टूल उचललं आणि गल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलं, जिथे बसल्यावर सरांचा उजवा कान त्यांच्याकडे येईल. सरांना दंडाला धरून बसवलं. परत आत गेले.

"चहा घेणार का, विचारत होतो," शेठ म्हणाले. "आता येतंय ऐकू?"

सरांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली, अगदी बेअरिंग ऐकायचे तशी.

"परत बोला," ते म्हणाले. "खात्री करून घेतो."